पहिली ओळ समोरच्याची

काका मोबाईल काउंटरवर पालथा ठेवायचे, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि मग एक बोट वर करून म्हणायचे, "बाय, पहिली ओळ समोरच्याची." एवढं झालं की मी समजायचे, त्यांचं कुणाशी तरी वाजलंय.

लालबागला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. भाडेकरार, शाळेचे अर्ज, लग्नाचे बायोडेटा, सगळं मराठीत टाईप करून मिळतं. काका मागच्या गल्लीतले, परळच्या एका प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. तुम्हीही असे एखादे काका पाहिले असतील, दिवसभर फोनमध्ये डोकं घालून जगाशी भांडणारे. फरक एवढाच की तुमचे काका लगेच भांडत असतील. आमचे तिसऱ्या दिवशी भांडायचे.

आमच्या विभागाचा फेसबुकवर ग्रुप आहे. तिथे तुंबलेल्या गटारापासून चंद्रावरच्या यानापर्यंत सगळ्यावर हाणामारी चालते. सरकारने पैसा कशावर उधळावा, मोबाईलने पोरं बिघडली की सुधारली, लस कुणी शोधली, काहीही. एखाद्याचं लिहिणं काकांना पटलं नाही, की ते आधी माझ्याकडून त्याची प्रिंट काढून घ्यायचे. मोबाईलवर वाचलं की डोकं तापतं, कागदावर वाचलं की थंड राहतं, असं त्यांचं म्हणणं. हिंदमाताच्या साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी होती, तिच्यात तो कागद घडी घालून जायचा. घरी लाल पेन घेऊन वाचन. तिसऱ्या दिवशी दुकानातल्या बाकड्यावर बसून उत्तर सांगायचे आणि मी ते टाईप करून त्यांच्या नावाने टाकायचे. तोवर भांडणारे दुसऱ्या भांडणाला गेलेले असायचे.

आणि पहिली ओळ कायम समोरच्याची. म्हणजे काय, तर समोरच्याचं जे बरोबर असेल ते आधी मान्य करून टाकायचं. मग पुढे काय ती धुलाई.

"काका, हा माणूस तुम्हाला बिनडोक म्हणालाय!" मी चिडायचे.

"ते तिसऱ्या ओळीत गं. पहिल्या ओळीत काय म्हणालाय बघ. बरोबर आहे ना ते? मग द्यायचं त्याला."

मी पक्की लालबागची. आमच्यात असली पद्धत नाही. आमच्याकडे पहिली ओळ 'तू कोण मला शिकवणार' अशी असते. पण गिऱ्हाईक सांगेल ते टाईप करायचं, हा माझा धंदा.

या पहिल्या ओळीने काकांना बरंच गोत्यात आणलं. आमच्या नाक्यावर विजेच्या खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा लावल्या तेव्हाची गोष्ट. काका भडकले. दवाखान्यात नर्स नाही आणि खांबांना दागिने कसले घालताय, असा त्यांचा सवाल. पण उत्तराची सुरुवात नेहमीसारखी: "रस्त्यावर उजेड हवा, हा आपला मुद्दा अगदी बरोबर आहे." दिव्यांची बाजू घेणारा जो कार्यकर्ता होता, त्याने तेवढ्याच ओळीचा फोटो काढला. चौथ्या दिवशी नाक्यावर बॅनर. काकांचा हसरा चेहरा आणि खाली 'ज्येष्ठ नागरिकांचा जाहीर पाठिंबा'. वर शाल-श्रीफळ! काकांना कळायच्या आत खांद्यावर शाल पडली होती आणि टाळ्या वाजत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाल परत देऊन आले. नारळ नाही दिला.

"नारळ कसा काय ठेवलात?" मी विचारलं.

"नाशवंत आहे तो," काका गंभीरपणे म्हणाले. "शिवाय सोलकढी झाली."

एका वर्षी गणपतीला मी आठ दिवस गावी गेले. काकांना धीर निघेना. कुणीतरी त्यांना बोलून टाईप करायला शिकवलं. बोललं की मोबाईल आपोआप लिहितो म्हणे. विषय होता प्रयोगशाळेतल्या जनावरांचा, म्हणजे काकांच्या घरचाच. ते बोलले 'उंदीर' आणि मोबाईलने ऐकलं 'इंदोर'. झालं! ग्रुपवर पाहावं तर काकांनी लिहिलंय, "इंदोरला भूल दिल्याशिवाय कुणीही हात लावू नये. मी तीस वर्षं इंदोर सांभाळलंय. इंदोरला वेळेवर खायला दिलं की ते चावत नाही." एक बाई खवळून उठल्या, माझं सासर इंदोरचं आहे, तोंड सांभाळून बोला! मी परत आले तर काका बाकड्यावर हजर, हातात प्रिंट.

"लिही बाय. आपलं सासर इंदोरचं आहे, हा मुद्दा बरोबर आहे."

मी हसता हसता की-बोर्डवर पडले. काका मात्र शांत, पुढचा मुद्दा शोधत होते.

मध्यंतरी ते एआय का काय आलं. मीच म्हटलं, काका, आता मशीन उत्तर लिहून देतं, तुमचे तीन दिवस वाचतील. काढून दाखवलं. मशीनने सुरुवातच केली, "आपला मुद्दा अतिशय महत्त्वाचा आणि योग्य आहे." काका हरखले. याला कळतं गं, याला कळतं! मग त्यांनी मुद्दाम उलटा मुद्दा घालायला लावला. मशीनने तोही अतिशय योग्य आहे म्हणून सांगितलं. काकांनी चष्मा काढला.

"हा सगळ्यांनाच बरोबर म्हणतो. याचं काय जातंय? आपलं थोडं गेलं पाहिजे गं मान्य करताना."

तेव्हा मी हो हो म्हणून सोडून दिलं.

आता त्यांच्या कामाबद्दल सांगते. प्रयोगशाळेत ते अ‍ॅनिमल हाऊसला होते. इंजेक्शनं, लशी माणसाला द्यायच्या आधी सशांवर, उंदरांवर तपासायच्या. त्या जनावरांचं खाणंपिणं, साफसफाई काकांकडे. सशांना ते 'मंडळी' म्हणायचे. मंडळींना गाजर, मंडळींना लसूणघास. दुकानात बसून सुद्धा, कोणता ससा रुसायचा, कोणता काकांच्या चपलेवर झोपायचा, असले किस्से सांगायचे.

तर ग्रुपवर कुणीतरी पुन्हा विषय काढला, की जनावरांवर प्रयोग करावेत का. काकांनी तीन दिवस घेऊन मोठं उत्तर सांगितलं. प्रयोग लागतात, पण नियम पाहिजेत, वेदना देऊ नये, आम्ही त्यांना जिवापाड जपायचो, वगैरे. त्यावर 'उघडा पिंजरा' अशा टोपणनावाच्या कुणीतरी लिहिलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

"जपायचात म्हणे. मग म्हातारी झालेली मंडळी कुठे जायची, तेही लिहा ना."

काका बाकड्यावरून उठले. मग म्हणाले, "दोन प्रिंट काढ."

तिसऱ्या दिवशी आले. मोबाईल पालथा, चष्मा पुसला, पण बोट काही वर गेलं नाही. "पहिली ओळ मोकळी ठेव. मागनं सांगतो." आणि प्रयोगांनी किती माणसं वाचली ते सांगत सुटले. शेवटपर्यंत पहिली ओळ काही आली नाही. मी तसंच टाकलं. पिंजऱ्याचं उत्तर आलं, पुन्हा तोच प्रश्न, कुठे जायची मंडळी? पुन्हा तीन दिवस, पुन्हा पहिली ओळ मोकळी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा माझी ट्यूब पेटली. मंडळी! सशांना मंडळी म्हणणारं या मुंबईत एकच घर.

"काका, हा पिंजरा कोण आहे?"

त्यांनी पिशवीची घडी केली, उलगडली, परत केली.

"मुलगी आहे माझी. वरळीला असते. चार वर्षं बोलत नाही."

मग थोडं थोडं करून सांगितलं. ती लहान असताना रोज विचारायची, मंडळी जेवली का. काका रोज सांगायचे, कोण काय जेवलं ते. एखादा ससा कामाचा उरला नाही, की त्याला मारून टाकायचे. नियमच होता तो. पोरीला काय सांगणार? सांगायचे, गावाला गेला. कोकणात, आपल्या आंब्याच्या बागेत. ती सुट्टीत गावी गेली की बागेत ससे शोधत फिरायची. काका म्हणायचे, लाजतात गं ते, लपतात. पुढे कॉलेजात जीवशास्त्र शिकली तेव्हा तिला कळायचं ते कळलं. गप्प राहिली. आई गेली त्या वर्षी दोघंच जेवायला बसलेली. तिने विचारलं, "बाबा, गावाला म्हणजे कुठे?"

"मग? काय म्हणालात?"

"ओरडलो गं. म्हटलं, त्याच पगारावर शिकलीस तू! ताटावरून उठली ती. तेव्हाची नाही आली."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आधी राग आला, माझा स्वभावच तसा. म्हटलं, "काका, त्या दिव्यावाल्याला बरोबर म्हणालात. इंदोरच्या सासरवालीला बरोबर म्हणालात. आणि पोटच्या पोरीला म्हणायला जीभ जड होते? एवढं कसलं मोठेपण?"

काका उठले आणि गेले. पिशवी बाकड्यावरच राहिली.

एक दिवस गेला, तीन गेले, आठ गेले. गिऱ्हाईक आलं की माझी मान वर व्हायची. पिशवी मी काउंटरच्या खाली नीट ठेवली होती. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. वर जाऊन काय सांगणार होते? तोंड आवरता येत नाही मला, हे त्यांनाही ठाऊक होतं.

नवव्या दिवशी आले. दाढी वाढलेली. मोबाईल पालथा ठेवला. चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग बोट वर केलं.

"बाय, पहिली ओळ समोरच्याची."

"सांगा."

"तुझं बरोबर आहे. मंडळी गावाला गेली नव्हती. मी खोटं सांगितलं."

मी टाईप केलं. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"प्रयोगांचं? माणसं वाचली ते?"

"ते खरंच आहे. पण तिने ते विचारलंच नव्हतं."

टाकलं. ग्रुपवर कुणाला काही कळलं नाही. एकाने तर लिहिलं, काका, हे 'तू' कुणाला? वयाचा मान ठेवा. काका रोज सकाळी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायचे. एक दिवस, दोन दिवस. पिंजरा गप्प. मीच मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. बापाचीच लेक, तिसऱ्या दिवशीच येणार! मी मोठ्याने वाचलं. "तुमचाही एक मुद्दा बरोबर आहे. मी त्याच पगारावर शिकले. रविवारी येते. मासे करू नका."

काकांनी प्रिंट काढायला लावली. खरं तर चारच ओळी होत्या. कागद नेहमीसारखा पिशवीत नाही गेला, शर्टाच्या खिशात गेला.

"मासे करू नका म्हणते," काका म्हणाले. "म्हणजे जेवणार आहे." आणि भर दुकानात रडले. मी पण. गिऱ्हाईक भाडेकरार हातात धरून आमच्याकडे बघत उभं. तिकडे ग्रुपवर खाली कुणी विचारत होतं, अ‍ॅडमिन, हे काय चाललंय? आणि इंदोरच्या बाईंनी लिहिलं होतं, "काही कळलं नाही, पण बरं वाटलं."

पुढे काकांचे गुडघे गेले. जिना उतरणं बंद झालं, तेव्हा मुलगी त्यांना वरळीला घेऊन गेली. ग्रुपवर आता ते नसतात. ग्रुपचं म्हणाल तर पार रानटी झालाय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसत्या शिव्या. बाकड्यावर लोक पिशव्या ठेवतात.

मागच्या महिन्यात दुपारी एक बाई आली. चाळिशीची, ऑफिसातून निघालेली दिसत होती. मोबाईल काउंटरवर पालथा ठेवला आणि ओढणीने चष्मा पुसायला लागली. मला नाव विचारायची गरजच पडली नाही.

"बाबांना उत्तर द्यायचंय," ती म्हणाली. "मोबाईलवरचं वाचत नाहीत ते. छापून आण म्हणतात. आणि तुमच्याकडूनच."

पर्समधून तिने एक कागद काढला. काकांचं लाल पेनातलं अक्षर. फ्रिजला चिकटवला होता म्हणे. ती दिवसभर ऑफिसात, म्हातारा माणूस एकटा घरात, पडला बिडला तर? म्हणून तिने हॉलमध्ये कॅमेरा बसवला होता, ऑफिसातून फोनवर दिसतो तसला. काकांनी त्याच्यावर पायमोजा घातला. आणि खाली हे पत्र: "माझी काळजी वाटते, हा तुझा मुद्दा बरोबर आहे. पण सशांनाही आम्ही कधी विचारलं नव्हतं. तू मला विचारलंस का?"

मला हसू आवरेना. तिला ते आवडलं नाही. बाकड्यावर बसली, अगदी त्यांच्याच जागेवर, आणि तावातावाने सांगायला लागली. "लिहा. पहिली ओळ मोकळी ठेवा, मागनं सांगते. बाबा, कॅमेरा तुमच्या भल्यासाठीच..."

मी की-बोर्डवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मागे तीनदा मी मोकळी सोडली होती ती ओळ.

"ताई," मी म्हटलं, "तसं इथे टाईप करून मिळत नाही."

मग तिने चष्मा काढून पुन्हा पुसला, बराच वेळ पुसला.

"बरं, घ्या," ती म्हणाली. "बाबा, विचारायला हवं होतं."