त्रेचाळीस शुगरवरचा पाहुणा

वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी एकशे अठरा किलो होतो. पाचव्या दिवशी एकशे सोळा. पण अकरा वर्षांत कधी एकशे ऐंशीच्या खाली न आलेली उपाशीपोटीची शुगर त्या सकाळी एकशे चार निघाली. बायको म्हणाली, "मशीन बिघडलंय." तिची मोजली, पंच्याण्णव. मशीन ठीक होतं.

नानाखेड्याला ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनी समजावलं. आतड्याचा रस्ता बदलला की आतली रसायनं बदलतात आणि तिथे राहणारे जीवाणूही. काही ओसरतात, काही नव्याने वाढतात. शुगर उतरण्यात त्यांचा हात किती, हे अजून पक्कं सांगता येत नाही. तेव्हा मला चहा नकोसा झाला होता आणि जन्मात न खाल्लेली कच्ची मेथी खावीशी वाटत होती. हे नक्की कोण मागतंय, असं मनात यायचं.

दीड वर्षाने, होळीला, दुपारी बाराला मी अर्धी पुरणपोळी खाल्ली. पुढचं बायकोने सांगितलेलं आहे.

दीड वाजता मी माधव नगरातल्या आमच्याच बैठकीत घामाने भिजून उभा होतो आणि आमच्या गावात परक्यांशी बोलतात तशा हिंदीत तिला अदबीने विचारत होतो, "माफ कीजिए, ये किसका घर है?"

"अहो, चेष्टा पुरे!"

मी चपला शोधू लागलो. तिने माझं बोट टोचलं. त्रेचाळीस. या ऑपरेशननंतर गोड खाल्लं की शुगर आधी चढून मग एकदम कोसळू शकते, आणि एवढी घसरली तर लगेच साखर द्या, नाहीतर शुद्ध जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिने चमचाभर साखर तोंडाशी आणली. मी दात आवळले.

"नहीं जी, मुझे शुगर है."

हे वाक्य अकरा वर्षं तिनेच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

ती ओरडली, रडली. मी दाराची कडी काढत होतो. मग तिने डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाली, "भाईसाहब, पहली बार आए हैं. हमारे यहाँ से कोई बिना शरबत पिए नहीं जाता."

मी परतून बसलो. परक्या घरी नाही म्हणणं बरं वाटलं नसावं. पूर्ण ग्लास प्यायलो.

वीस मिनिटांनी अठ्ठ्याऐंशी. मी विचारलं, "तू का रडतेयस?"

शुगरच्या वहीत दोन्ही आकडे आहेत. मधलं मला काहीच आठवत नाही. "कसा होता तो?" मी नंतर एकदा विचारलं.

"तुमच्यापेक्षा सभ्य," ती म्हणाली. हसली नाही.

आता गोड बंद आहे, जेवणही थोडंथोडं करतो. सत्तरच्या खाली पुन्हा गेलेली नाही. तरी जेवणानंतर दीड तासाने ती माझं बोट टोचते आणि आकडा बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते. मीही तिच्याकडे बघतो, ओळखीची वाटते का ते.