गंज घासला, आणि…

साठच्या दशकात मी दुबईच्या खाडीकाठी खंजिरांच्या मुठी बसवायचो, पाती घासायचो. रत्नागिरीहून आलेल्या माणसाला एवढं काम पुरेसं होतं.

आमच्या गल्लीत एक म्हातारा नाखुदा राहायचा. सारा जन्म मोती काढणाऱ्या जहाजांवर कप्तानी करण्यात काढलेला. एके दिवशी तो कापडात गुंडाळलेली जुनी जपानी कट्यार घेऊन आला. कुणा खलाशाने पूर्वी त्याला दिलेली. शारजात नोकरीला असलेला एक इंग्रज अशी हत्यारं जमवायचा. तो मित्राला घेऊन दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात ती पारखायला येणार होता.

"मूठ काढून ठेव," नाखुदा म्हणाला, "त्यांना आतलं बघायचंय."

बांबूची खुंटी ठोकून काढली, मूठ सरकवली. आत पात्याचा दांडा, काळपट गंजलेला, त्यावर चार-पाच अक्षरं. मनात आलं, पाहुण्यांना इतकं मळकट कसं दाखवायचं? पॉलिश पेपर घेतला आणि दांडा लख्ख केला. फार बरं वाटलं मला.

सकाळी साहेबाने पातं उन्हात तिरकं धरलं. धारेलगतची धुकट लहर बघून तो खूश झाला. मग त्याची नजर दांड्यावर गेली आणि चेहरा पांढरा पडला.

"हे कुणी केलं?" त्याने हिंदीत विचारलं. "वय या गंजावरूनच कळतं! कारागिराची सही खरी की खोटी, तेही. शे-दोनशे वर्षांचा गंज होता हा!"

मित्राने भिंग खिशात टाकलं. अक्षरांच्या कडाही मी झिजवल्या होत्या. कबूल करायला तोंड उघडलं, तोच नाखुदा बोलला, "मीच घासायला सांगितलं. माझी वस्तू, माझा हुकूम. खलास."

त्याने असलं काहीही सांगितलं नव्हतं. पाहुणे कट्यार न घेता निघून गेले.

"नाखुदा, खोटं का बोललात?"

"साहेब आज ना उद्या जहाजाने मायदेशी जाईल. तुला याच बाजारात बसायचंय. बसव ती मूठ."

मूठ बसवताना खुंटी माझ्या हातून दोनदा खाली पडली. दोन्ही वेळा वाकून त्यानेच ती उचलून दिली.

रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी शेजारच्या दुकानदारांना मी स्वतःच खरं सांगून टाकलं. दोघे हसले, एकाने मान हलवली. नाखुद्याच्या कानावर गेलं तेव्हा तो भडकला. "माझा शब्द खोटा पाडलास!" म्हणाला आणि पाठ फिरवली.

आठवडाभर तो दुकानावरून जायचा, पण सलामही घ्यायचा नाही. मग एका दुपारी आत आला, घरातली मासे कापायची बोथट सुरी माझ्यापुढे ठेवली आणि बाकावर बसून राहिला.

"किती घासू?" मी विचारलं.

"धार येईपर्यंत," तो म्हणाला.