शिवलेली उत्तरं

अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात ती बऱ्याचदा माझ्या शेजारी असायची. कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणारी, चाळिशीची बाई. मांडीवर वही आणि दहावीचं बीजगणिताचं पुस्तक. पुस्तकातली उत्तरांची पानं तिनं मशीनवर चक्क टीप मारून बंद केली होती.

न राहवून मी विचारलं, तर म्हणाली, "उत्तर दिसलं की हात तिकडंच पळतोय, ताई. परीक्षेत मागची पानं कुटं असत्यात?"

गणित सुटलं की x ची किंमत समीकरणात घालून ती ताळा करायची. दोन्ही बाजू सारख्या आल्या की मगच पुढचं गणित. एकदा ५x − ८ = ३x + ६ काही केल्या जुळेना. वजा आठ पलीकडे नेताना तिनं चिन्ह बदललंच नव्हतं. सांगायला माझी जीभ वळवळत होती.

"सांगू नका हं! दिसभर टॉवेलच शिवायचेत. डोक्याला कायतरी पायजे की."

दुसऱ्या दिवशी तिची रिक्षा भरलेली होती, माझ्यासाठी थांबलीच नाही. पण मला बघून तिनं हात बाहेर काढला आणि हवेत बोटानं भलंमोठं अधिकचं चिन्ह काढलं.