कोबिनाच्या नावाने ओतलेली दारू

कोबिना एसिल्फीने स्वतःला मारले ते फोनवर, आणि तेसुद्धा ठरवून नव्हे.

त्या दुपारी तो येजीच्या धक्क्यावर, व्होल्टा सरोवराच्या काठी, एका कोळ्याच्या होडीचे इंजिन उघडून बसला होता. हात तेलाने बरबटलेले, म्हणून वाजणारा फोन त्याच्या बायकोने, लारिबाने, त्याच्या कानाला लावून धरला.

"हॅलो, कोबिना एसिल्फी आहेत का? मी एबो क्वान्सा. टेकडीवरच्या शाळेतला. फार खटपटीने हा नंबर मिळवलाय हो."

आपले नाव सांगायची एबोला गरजच नव्हती. कोबिनाने आवाज पहिल्या शब्दाला ओळखला होता. शाळेच्या वसतिगृहात दोघांची खाऊची लाकडी पेटी एकच होती. कोबिनाच्या घरून काही येत नसे, म्हणून पेटी भरणारा एबो आणि खाणारे दोघे. एबोने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. कुलपाची किल्लीसुद्धा कोबिनाच्याच गळ्यात असायची.

"कोबिना वारला," कोबिना म्हणाला. "मी त्याचा भाऊ बोलतोय."

पलीकडे मग एबो रडायला लागला, मोठी माणसे रडतात तसा, दाबून दाबून. कोबिनाने मानेनेच खूण केली, फोन काढ. लारिबाने फोन बंद करून पदराला पुसला आणि नवऱ्याकडे पाहत राहिली.

"तू मेलास तर मी कसावाचे कंद कुणासाठी सोलतेय?" तिने विचारले.

तो इंजिनात डोके घालून बसला. सांगण्यासारखे होते काय? शाळेत त्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणत. गणिताच्या डाड्झी बाईंनी एकदा भर प्रार्थनासभेत त्याला उभे केले होते आणि म्हटले होते, "नीट बघून ठेवा याला. हा डॉक्टर होणार आणि म्हातारपणी माझी नाडी हाच बघणार." ते वाक्य घेऊन तो राजधानीत वैद्यकी शिकायला गेला. पहिल्याच परीक्षेत आपटला. पुन्हा बसला, पुन्हा आपटला. मग घरी यायला निघाला तो अर्ध्या वाटेवर लॉरीतून उतरला आणि उत्तरेकडे जाणाऱ्या दुसऱ्या लॉरीत चढला. पुढे आईला त्याने येजीला आणून घेतले, पण आपल्या गावात आणि त्या शाळेत पुन्हा पाऊल टाकले नाही.

कामाची त्याला लाज नव्हती, हे सांगितले पाहिजे. 'एसिल्फीने हात लावला की इंजिन बोलतं,' असे साऱ्या काठावरचे कोळी म्हणत. लाज होती ती बाईंच्या त्या वाक्याची. आणि त्या फोननंतर आणखी एक भर पडली, एबोच्या रडण्याची. नंतर किती वेळा त्याच्या मनात आले, आपण उलटा फोन करावा. पण मेलेल्या माणसाने सुरुवात कुठून करायची?

अशी बारा-तेरा वर्षे गेली. मग एका सकाळी रेडिओवर बातमी आली की टेकडीवरच्या शाळेतून पन्नास वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीचा मेळावा आहे आणि डाड्झी बाई स्वतः येणार आहेत.

"जा," लारिबा म्हणाली.

"मेलेला माणूस कसा जाणार?"

"न बोलावता सगळीकडे जातात ती मेलेलीच. मागं कुठंतरी बस. बाईंना डोळे भरून बघ आणि ये."

आमच्याकडच्या समारंभांत एक सोय असते. मैदानावर मांडव पडले, प्लास्टिकच्या खुर्च्या लागल्या आणि बँड वाजू लागला, की कोण कुणाचा हे कुणी विचारत नाही. कोबिना पाहुण्यांच्या मांडवात शेवटच्या रांगेत जाऊन बसला. जोलोफ भाताची एक ताटलीही त्याच्या हातात आली. समोरच्या मांडवात त्याची तुकडी होती. सगळ्यांच्या अंगावर एकच कापड, पांढऱ्यावर निळ्या रंगात शाळेची घंटा छापलेले. धावण्यात मुलांनाही मागे टाकणारी अराबा ओत्सिवा आता काठी टेकत होती. एबोला पुरते टक्कल पडले होते, पण हसताना खांदे तसेच उडत होते. आणि मधोमध वेताच्या खुर्चीत डाड्झी बाई. मुठीएवढ्या झालेल्या. नजर जवळजवळ गेलेली.

तुकडीतर्फे बोलण्याचा मान एबोकडे होता. त्याने दारूची बाटली उघडली आणि गेलेल्या मित्रांची नावे घेऊ लागला. एकेक नाव, जमिनीवर चार थेंब, आणि सगळ्यांचा हुंकार. नावे सरळ चालली होती. मग एका नावापाशी त्याने बाटली जास्त कलती केली.

"कोबिना एसिल्फी," एबो म्हणाला. "घे गड्या, तुझा वाटा घे. तिकडं तरी पोटभर खात जा."

थेंब मातीत जिरले. कोबिनाने खुर्चीखाली पाय ओढून घेतले. जिवंत माणसाचे नाव त्या दारूवर कुणी घेत नाही, हे त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. चुकून घेतले गेले तर त्याच दिवशी परत मागून घ्यायचे, नाहीतर मातीखालचे मेलेले लोक ते नाव आपलेच समजतात. आता उठावे, असे त्याला वाटले. पण तेवढ्यात एबो पुढच्या नावाकडे गेला.

मग बाई बसल्या बसल्या बोलल्या. आवाज बारीक, पण वर्गातलाच. "एसिल्फीचं नाव निघालं म्हणून सांगते. नव्या मुलांना मी अजून त्याची गोष्ट सांगते. उत्तरेत रोग्यांची सेवा करता करता गेला बिचारा."

कुणी कधी ही गोष्ट रचली देव जाणे. मेल्यावर का होईना, कोबिना डॉक्टर झाला होता. हातातली ताटली त्याने खुर्चीखाली सरकवली.

तो निघून जायच्या बेतातच होता. तेवढ्यात बाई उठल्या. "मला तुम्ही कुणी दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा हात द्या आणि नाव सांगा. पाहुणेसुद्धा. एकालाही सोडणार नाही."

रीतीप्रमाणे त्यांनी उजव्या टोकापासून सुरुवात केली. दंड धरून एबो चालवत होता. वडीलधारे माणूस रांगेतून हात देत येत असताना आपण उठून चालू लागायचे, हा अपमान कुणी कुणाचा करत नाही. कोबिना बसून राहिला. रांगा संपत आल्या. शेजारी तुकडीतल्या एका बसमालकाचा ड्रायव्हर होता, त्याने टोपी काढून नाव सांगितले. बाई म्हणाल्या, "गाडी सावकाश चालव बाबा." आणि मग त्यांचा कोरडा, हलका हात कोबिनाच्या हातात आला.

"नाव?"

एबो त्याच्याकडे पाहत होता, जुन्या सदऱ्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्याकडे पाहावे तसा. ओळखीचे चिन्ह नाही. कुठलेही नाव चालले असते. एक तर ओठांवर तयारच होते, फोनवरच्या भावासारखे.

"कोबिना एसिल्फी, बाई."

एबोच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अहो, असली थट्टा इथं करू नका. तो आमचा फार जवळचा होता."

बाईंनी हात सोडला नाही. "परत म्हण."

"कोबिना एसिल्फी, बाई."

"आवाज घोगरा झालाय. पण 'बाई' अजून मान खाली घालूनच म्हणतो. मान वर कर."

त्याने मान वर केली. अराबा काठी टेकत टेकत आली आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघू लागली. "मेल्या!" ती ओरडली. "अरे, हा तर प्रोफेसर! कान बघा कान!"

मांडवात हशा पिकला, कुणीतरी टाळ्या पिटल्या. पण एबोने बाईंचा दंड सोडून दिला होता, आणि त्याचा चेहरा पाहून हसणारे एकेक गप्प झाले.

"पाणी आणा," बाई म्हणाल्या. "खुर्ची द्या त्याला. लांबून आलाय."

वाटसरूला आधी बसायला द्यायचे, पाणी द्यायचे, मग येण्याचे कारण विचारायचे. तोवर आनंद नाही नि भांडण नाही. कोबिनाला मधोमध बसवले. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला. विचारण्याचा मान तुकडीच्या बोलणाऱ्याचा, म्हणजे एबोचा. तो समोर उभा राहिला आणि कोबिनाच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला,

"इथं आमचं सगळं बरं आहे. वाटेवरून तुम्ही आलात. काय निरोप आणलात?"

ओळखूनही एबोने आपल्याला 'तुम्ही' म्हणावे, हे कोबिनाने जन्मात ऐकले नव्हते.

"निरोप एवढाच," तो म्हणाला, "की कोबिनाला भाऊ नाही. कधीच नव्हता. त्या दिवशी फोनवर मीच होतो." त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "मी डॉक्टर झालो नाही. दोनदा नापास झालो. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. बाईंना तोंड कसं दाखवायचं, म्हणून..."

"बाईंचं कळलं," एबो म्हणाला. "माझं काय? मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

"तुला खरं सांगितलं असतं तर तू पेटी भरून येजीला आला असतास."

"आलोच असतो!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

एबोने आता सरळ त्याच्याकडे पाहिले. "मी भर रस्त्यात गाडी थांबवली होती त्या दिवशी. महिनाभर काळे कपडे घातले. बायको विचारायची, सख्खं कोण गेलं? मी म्हणायचो, सख्खाच गेला. आणि तू तिकडं नट-बोल्ट पिळत बसला होतास!"

पेल्यातल्या पाण्याकडे कोबिना बघत राहिला. इतकी वर्षे त्याला वाटत होते की आपण नापास झालो ही आपली लाज. ती आता कुठल्या कुठे गेली होती, आणि तिच्या जागी जे आले होते त्यापुढे ती काहीच नव्हती.

"एसिल्फी," बाईंनी हाक मारली. "मी सभेत काय म्हणाले होते रे तुला?"

त्याने शब्दन् शब्द सांगितला, नाडीसकट.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "ते तर मी दरवर्षी कुणा ना कुणा पोराला म्हणायचे. अभ्यासाला लागावीत म्हणून. माझी नाडी बघायला आजवर एकही आला नाही, आणि त्यासाठी मेलासुद्धा तू एकटाच."

मांडव पुन्हा हसला. कोबिनाला हसावे की रडावे कळेना. बाई मात्र हसत नव्हत्या. "एबो," त्या म्हणाल्या, "दिवस कलायला लागला. याचं नाव परत घे आधी. रागव नंतर."

एबोने बाटली उचलली. मघाशी नाव घेतले होते त्याच जागी उभा राहिला. "खालच्या लोकांनो," तो म्हणाला, "आमच्या हातून एक नाव तुम्हाला दिलं गेलं. कोबिना एसिल्फी. ते परत द्या. चूक आमची नाही, त्याचीच आहे. तरी द्या." बाटलीत उरलेली सगळी दारू त्याने ओतली. रिकामी बाटली अराबाच्या हातात दिली आणि मांडवाबाहेर जाऊन पाठ करून उभा राहिला.

कोबिना खुर्चीतून उठला, पण जवळ जायचा धीर झाला नाही. एबोने कापडाच्या घडीतून काहीतरी काढले आणि कानाला लावले.

कोबिनाच्या खिशात फोन वाजू लागला.

एबोने तो नंबर अजून पुसला नव्हता. मेलेल्या मित्राचा नंबर इतकी वर्षे त्याने ठेवला होता. फोन वाजत राहिला. कोबिनाचे हात आज स्वच्छ होते, फोन धरायला दुसरे कुणी लागणार नव्हते. त्याने बटण दाबले.

"हॅलो," पाठमोरा एबो म्हणाला. "कोबिना एसिल्फी आहेत का?"

"आहे," कोबिना म्हणाला. "मीच बोलतोय."

एबो वळला नाही. "मोठ्यानं बोल," तो म्हणाला. "ऐकू येत नाही."