जखमेतला पितांबर

खांडेनवमीची ती घटना विसरू म्हटलं तरी विसरत नाही, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो.

सकाळी अकराच्या सुमारास इस्पितळातून ठाण्यात फोन आला. हिमायतनगर मोहल्ल्यातला एक तरुण, महिन्यावर लग्न, आणि गोळी लागलेली नको त्या जागी! मी तडक निघालो. दाराशी त्याचे वडील उभे होते. जुनं सरकारी नोकरीतलं मराठी घराणं.

"साहेब, पोरगा आबिड्सच्या बाजारातून घरी येत होता. फाटकापाशी वरच्या भाडेकरूनं गोळी झाडली. घर खाली करत नाही मेला!"

रक्तानं माखलेली जीन्स त्यांनी माझ्या हाती दिली. ती न उलगडताच मी सील केली आणि भाडेकरूला ठाण्यात आणून बसवलं. पन्नाशीचा, मुलांच्या शिकवण्या घेणारा एकटा माणूस.

"साब, मैं आज तक बंदूक हात में बी नै लिया," तो पुन्हापुन्हा सांगत होता.

झडतीत काही सापडलं नाही, तरी मी म्हटलं, लपवलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभा करायचा होता. एकदा बेड्या पडल्या की त्याच्याकडे पोरं कोण पाठवणार? माणूस आयुष्यातून उठला असता.

दुपारी ऑपरेशन संपवून सर्जन मॅडम बाहेर आल्या. मूळच्या नांदेडच्या, बोलायला रोखठोक.

"लघवीच्या नळीत औषध सोडून एक्स-रे काढला, नळी शाबूत आहे. लिंगाचं आवरण फाटलं होतं, ते शिवलं. एक अंडकोष फुटला होता, मेलेलं तेवढंच कापून बाकी वाचवला. दुसरा ठणठणीत. अशा जागी कात्री फार जपून चालवावी लागते, साहेब."

मग त्यांनी दोन बाटल्या पुढे केल्या. "गोळी वरून खाली जाऊन मांडीत रुतली होती. आणि हे जखमेतून निघालं. गोळी कपडा आत ओढून नेते. तो राहिला तर पू होतो, म्हणून कण न् कण वेचला."

बाटलीत पिवळं रेशीम होतं, जरीच्या तारेसकट. अरे देवा! जीन्सला जर कुठली? मी पळतच ठाणं गाठलं, पंचांसमोर सील फोडून जीन्स पसरली. एकही भोक नाही!

वडिलांना समोर बसवून एवढंच विचारलं, "आज खांडेनवमी. घरी शस्त्रपूजा कोणी केली?"

गृहस्थ ढसाढसा रडायला लागले. पोराच्या आजोबांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. ते वारल्यावर ठाण्यात जमा करायचं, ते घरातच ठेवलेलं. रिकामं शस्त्र पुजू नये हा आजोबांचा दंडक, म्हणून वडिलांनीच गोळी भरून पाटावर मांडलं. पूजेनंतर पोरानं होणाऱ्या बायकोला फोटो पाठवायला ते पितांबराच्या कमरेला खोचलं, आणि खटका दाबला गेला.

"अटक होईल म्हणून भ्यालो, साहेब. आणि लोक हसतील म्हणून."

जखमेवर जीन्स चढवून त्यांनी पोराला इस्पितळात आणलं होतं; भोकाचा पितांबर न्हाणीघरात बादलीत भिजत सापडला. वडिलांवर गुन्हा नोंदवला.

भाडेकरूला सोडताना मी हात जोडले. वाटलं, शिव्या घालील, आणि घालायलाच हव्या होत्या. गुन्हेगारापेक्षा लाजेनं बोललेलं खोटं पकडणं अवघड, हे मी त्या दिवशी शिकलो. पण खरा धडा त्या माणसानं दिला. चपला घालता घालता तो थांबला.

"साब, वो बच्चा बाप तो बनेगा ना?"

दिवसभरात हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं.