उभ्या गाडीची तपासणी

प्रल्हाद गेल्याचा फोन त्याच्या मुलानं, मिलिंदनं केला, तेव्हा मी अमरावतीत माझ्या घरासमोरच्या ओट्यावर बसलो होतो. "काका, बाबा गेले. अटॅक आला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही," एवढंच तो म्हणाला. मी "येतो" म्हणालो आणि फोन हातात धरून तसाच बसून राहिलो. सगळं सुरू झालं होतं ते त्याच ओट्यावरून... आणि ते आता माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. अकोल्याला जठारपेठेत मिलिंदच्या घरी पुण्यानुमोदनाला माणसं जमली. वंदना झाली. जो बोलायला उठला तो प्रल्हादच्या चांगुलपणाबद्दल बोलला आणि शेवटी हमखास म्हणाला, की माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. डॉक्टरकडे जायचं सोडून विटेचा शेक घेत बसला आणि पाय घालवून बसला. मलाही बोलायला सांगितलं. मी मैत्रीबद्दल चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो. त्याला आता काही आठवडे झाले. प्रल्हाद हट्टी नव्हता, हे लिहायला मला एवढा वेळ लागला.

आम्ही एकाच बस आगारात होतो. तो ड्रायव्हर, मी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आधी दर्यापूरची फेरी त्याच्याकडे असायची, पुढे धारणीची आली. आमची ओळखच भांडणातून झाली. तो येऊन म्हणायचा, "मिस्तरी, गाडी घाटात ओढून नाही राहिली." मी आवारात उभ्या गाडीचं इंजिन चालू करायचो, कान द्यायचो आणि म्हणायचो, "ठीक हाय, घेऊन जा." एकदा तो भडकला. "उभ्या उभ्या तर माहा सासराबी ठीक दिसते! चढावर चालून पाह्य." त्यानं मला जवळजवळ ओढतच गाडीत बसवलं. मेळघाटच्या चढावर भरलेली गाडी धापा टाकायला लागली, थांबली, थोड्या वेळानं पुन्हा शहाण्यासारखी सुरू झाली. डिझेलच्या नळीत गाळ बसला होता. उभ्या गाडीला पुरेल इतकं डिझेल पोचत होतं, चढाला लागेल इतकं पोचत नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी नव्या पोरांना शिकवणी म्हणून सांगत आलो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं सकाळी फिरायला जायचो. हळूहळू प्रल्हाद वाटेत थांबायला लागला. आधी फुलवालीपाशी, मग तिच्याही अलीकडे पुलावर, मग पानठेल्यापाशीच. तिथे तो काहीतरी विषय काढायचा, बिडी पेटवायचा. मला वाटलं, म्हातारपणी बडबड्या झाला. एक दिवस ओट्यावर बसून म्हणाला, "पोटरी आवळते बे. दोन मिनिटं उभा राह्यलो का जाते, चाललो का पुन्हा येते." त्याला साखरेचा आजार बरीच वर्षं होता, बिडी त्याच्याही आधीची. मी त्याची पोटरी दाबून पाहिली.

"आता दुखते का?"

"बसल्यावर काहून दुखीन?"

"मंग काई नाही. कंबरेची नस हाय."

उभ्या गाडीला कान देऊन मी पुन्हा तेच म्हणालो होतो... "ठीक हाय, घेऊन जा."

त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "मिलिंद म्हणते, अकोल्याले या, मोठ्या डॉक्टरले दाखवू. जाऊ का?" इथे तो माझ्या हो म्हणण्याची वाट पाहत होता. मी म्हणालो, "तपासण्यात अडकवतीन तुले. उद्यापासून शेक देतो." खरं कारण वेगळं होतं. माझी बायको आधीच गेलेली. हा अकोल्याला गेला की मुलगा त्याला परत पाठवणार नाही आणि मी एकटा पडेन, ही मला भीती होती. वीट माझ्या घरची, चूल माझी. नस खालून मोकळी होते म्हणून गोणपाटात गुंडाळून मी ती त्याच्या तळपायाला लावायचो; घरी बायकोला तो फिरायला जातो एवढंच सांगायचा. "काई समजूनच नाही राहिलं, अजून गरम कर," तो म्हणायचा. साखरेनं त्याच्या पायाची जाणीव गेली होती, हे मला कळलं नाही. तळव्याला फोड आला, तो भरेना. अंगठा काळा पडला तेव्हा मिलिंद येऊन त्याला अकोल्याला घेऊन गेला. मीही सोबत गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "शेक कोणी दिला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात प्रल्हाद म्हणाला, "मीच घेतला. मी कोणाचं ऐकतो का?" आणि माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. डॉक्टर समजावून सांगत राहिले. पायाच्या रक्तवाहिनीत आतून चरबीचे थर बसून ती अरुंद झालेली. बसल्यावर रक्त पुरतं, चालताना पुरत नाही, म्हणून पोटरी आवळते. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहिला असता तरी संशय आला असता. तेव्हा आला असता तर बिडी बंद, गोळ्या, साखरेवर ताबा आणि शिस्तीत चालणं, एवढ्यावर बहुधा भागलं असतं. नाहीच भागलं तर फुगा घालून वाहिनी उघडता आली असती. "आणि पायात हे आहे म्हणजे हृदयाकडेही असू शकतं," ते म्हणाले. मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे मेळघाटचा चढ होता.

पाय गुडघ्याखाली कापला. मिलिंदचं घर तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस गॅलरीतल्या एका खुर्चीत येऊन बसला. खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा. मी गेलो की हळूच म्हणायचो, "सांगून टाकतो घरात." तो हात दाबायचा. "राहू दे बे. मंग तुह्यं इथं येनं बंद होईन." मी त्याचं ऐकलं. मला ते सोयीचंच होतं.

हा लेख छापायला पाठवण्याआधी मी अकोल्याला गेलो आणि सुमनवहिनींना, प्रल्हादच्या बायकोला, सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी त्याईले रोज बोलत होती, भाऊ. जेवाचं ताट ठेवता ठेवता बोलत होती. हट्टानं पाय घालवला अन् मलेबी या माळ्यावर आणून बसवलं, म्हणत होती. ते मान खाली घालून जेवत... शेवटच्या दिवशीबी बोललीच मी."

मी हात जोडले. त्यांनी ते पाहिलेच नाहीत.

"मिलिंद येईन आता ड्युटीहून. त्याले तुमच्याच तोंडानं सांगा. तोवर बसा तिथं."

तिथं म्हणजे गॅलरीत, प्रल्हादच्या खुर्चीत. ती अजून रस्त्याकडे तोंड करूनच आहे. हात टेकून टेकून तिच्या एका दांड्याचा रंग गेला आहे. मी बसलो. माझे दोन्ही पाय धड आहेत, जिना समोर होता, दार उघडं होतं. उठवत नव्हतं. खाली एक स्कूटर येऊन थांबली आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली.