बाराव्या रायफलीची गाठ

भूत, करणी, चकवा... माझा कशावरच विश्वास नव्हता. अजूनही नाही. पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं बंदुका तपासल्यावर माणूस फक्त स्क्रू ढिला आहे का, एवढंच बघतो.

निवृत्त होऊन नागभीडला घरी होतो. गेल्या हिवाळ्यात आलापल्लीजवळच्या एका नव्या रिसॉर्टच्या मालकाने बोलावलं. त्याने परदेशातून बारा नकली रायफली मागवल्या होत्या – दिसायला लष्करी, उडतात प्लास्टिकचे छर्रे. फाटकावरच्या गड्यांना कमांडो करून त्या खांद्यावर द्यायच्या, म्हणजे पाहुण्यांना जंगलात आल्यासारखं वाटेल. बाहेर खरं जंगल होतं, पण ते त्याला कमी पडत होतं.

माल बघून मी सही करायची, एवढंच काम. दुपारी व्हरांड्यात बसलो. खोक्यांच्या पट्ट्या मीच कापल्या. पहिल्या अकरा यथातथाच. बट हलतंय, जोडाची रेघ दिसते, लोखंडी रंगाचं प्लास्टिक.

फाटकावरचा लालसू शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"साहेब, हे धरून मी सांजच्याले गावाले जाऊ काय? मालक म्हणते, डिरेस घालूनच ये-जा कर. वाटेत खरे बंदूकवाले भेटतेत... पोलिसबी, नक्षलबी."

"अबे, सलाम ठोकतीन तुले!" मालक हसला.

मी बारावं खोकं ओढलं. थकलो होतो, बस गाठायची होती.

बारावी मात्र हुबेहूब अस्सलसारखी. सगळा धातू, वजन, तोल... हातात घेऊन मीही फसलो असतो. 'सगळ्या अशाच मागवा' असं लिहिणार होतो. उलटी केली – आणि ट्रिगरवर मासे धरायच्या जाळ्याच्या सुताची गाठ.

मारोती माझा सहकारी, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा. जी बंदूक कोणाच्या हातात जाऊ नये, तिच्या ट्रिगरवर तो असंच सूत बांधायचा. उलटा फास, टोक आत दाबलेलं. शस्त्रागारात दुसरं कोणी तसं बांधत नसे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

कस्टमवाल्यांनी बांधली असेल म्हणाल. मीही तेच म्हटलं, दोनदा. मग कागदावर लिहिलं – एकही गड्यांच्या हातात देऊ नये.

"काका, एका दोरीपायी?" मालक भडकला.

"दोरीपायी नाही. लालसूपायी. लांबून कोणाला खरी-खोटी कळणार?"

हे खोटं होतं. दोरीपायीच. मालकाने धुसफुसत माल परत पाठवला. लालसू काठी घेऊन घरी जातो.

मारोतीच्या बायकोला, सखूबाईंना, सगळं सांगून विचारलं. त्या मासे साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले काऊन विचारता, भाऊ? तुमचेच हात चालले असतीन."

असतील. पण तो फास मला बांधता येत नाही. त्यानंतर कित्येकदा बसून पाहिलं, येत नाही.

गाठ कुठून आली, मला माहीत नाही. ती नसती तर मी सही करून बस पकडली असती – एवढं मात्र पक्कं माहीत आहे.